कादंबरी लिहून झाली. आता संपादक कुठून आणू?

वाचकाचं पत्र : नमस्कार. गेली काही वर्षं लिहीत असलेली माझी कादंबरी पुरी झाली आहे. साधारण १,४०,००० शब्द, ३१ प्रकरणं. दोन बहिणींची गोष्ट आहे, सांगते धाकटी. थोरली एका रात्री घर सोडून जाते. ती का गेली हे नवव्या प्रकरणात उलगडतं. जवळच्या तिघांना वाचायला दिली. एकीला मधला भाग रेंगाळल्यासारखा वाटला. दुसरा म्हणाला, थोरली नीट कळतच नाही. तिसरीच्या मते शेवट घाईत उरकलाय. एका प्रकाशकाने ‘आशय चांगला आहे, रचनेवर काम व्हायला हवे’ एवढ्या एका ओळीसह संहिता परत पाठवली. रचनेवर काम म्हणजे नेमकं काय करायचं? शोधाशोध केली तर कुणी ‘भाषा पॉलिश करून देतो’ म्हणतं, कुणी ‘आम्हीच पुन्हा लिहून देऊ’ म्हणतं, एकाने तर प्रकाशनाची हमीच दिली. खर्चाची तयारी आहे, पण तो कशावर करतेय ते कळत नाही. आणि खरं सांगू? दुसऱ्याचा हात लागल्यावर ही कादंबरी माझी राहील का, याची धास्ती वाटते. शिवाय कल्पनाच कुणी ढापली तर?
— एक लेखिका

उत्तर :

नमस्कार.

प्रकाशकाची ती ओळ तुम्हाला बोचली असणार. पण बहुतेक संहिता परत येतात त्या एकही शब्द न लिहिता, किंवा ‘आमच्या योजनेत बसत नाही’ या छापील वाक्यासह. तुम्हाला कुणीतरी दोष कुठे आहे ते सांगितलंय. म्हणजे त्या माणसाने वाचलंय, आणि भाषेबद्दल त्याची तक्रार नाही. ही ओळ जपून ठेवा, तिच्याकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

आधी तुमचा गोंधळ सोडवू. ‘संपादकीय संस्कार’ या एका शब्दप्रयोगात आपण चार वेगळी कामं कोंबतो. पहिलं काम रचनेचं, ज्याला आता सगळे डेव्हलपमेंटल एडिटिंग म्हणतात: गोष्ट कुठून सुरू व्हावी, कोण सांगतंय, कुठली माहिती वाचकाला कधी मिळावी, कुठलं पात्र कशासाठी आहे, काय काढावं, काय अजून लिहिलंच गेलेलं नाही. दुसरं काम वाक्यांचं: लय, पुनरुक्ती, संवादाचा बाज. तिसरं शुद्धलेखन आणि सुसंगती. म्हणजे दुसऱ्या प्रकरणात डावखुरा असलेला मामा विसाव्यात उजव्या हाताने सही करत नाही ना, हे बघणं. चौथं मुद्रितशोधन, म्हणजे छापण्याआधी चुका तपासणं, तेही पुस्तकाची पानं लावून झाल्यावर. या क्रमात उलटसुलट करता येत नाही. ‘भाषा पॉलिश करून देतो’ म्हणणारा माणूस खोटारडा आहे असं मी म्हणत नाही. पण तो आज ज्या सतराव्या प्रकरणाची वाक्यं घासूनपुसून देईल, ते प्रकरण उद्या कादंबरीत असेलच याची खात्री तुम्हाला तरी आहे का?

आता तुमच्या तीन वाचकांकडे वळू. तिघांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या म्हणून तुम्ही गोंधळलात. मला मात्र पत्र वाचताना राहून राहून वाटत होतं की तिघं एकाच दुखण्याबद्दल बोलतायत. कादंबरी मी वाचलेली नाही, तेव्हा हा अंदाज आहे असंच समजा.

थोरली का गेली, हा तुमच्या गोष्टीतला सगळ्यात मोठा प्रश्न. त्याचं उत्तर नवव्या प्रकरणात मिळतं. त्यानंतर २२ प्रकरणं उरतात. तुमच्या सरासरीने, म्हणजे प्रकरणामागे साधारण ४,५०० शब्द धरले तर, जवळपास १,००,००० शब्द. एवढ्या लांब वाटेवर वाचकाच्या हातात नवा प्रश्न कोणता आहे? तो नसेल तर मधला भाग रेंगाळणारच, मग त्यातलं एकेक वाक्य कितीही चांगलं असो. थोरली कळत नाही याचं कारणही तिथेच असू शकतं. तिच्या जाण्याचं कारण धाकटीने एका प्रकरणात सांगून टाकलं असेल, तर वाचकाला माहिती मिळाली, बाई भेटली नाही. आणि ज्या शेवटाकडे १,००,००० शब्द काही साठत गेलेलं नाही, तो कितीही पानांचा केला तरी घाईचाच वाटतो. म्हणून ‘मधला भाग कापू का, थोरलीवर एक प्रकरण वाढवू का, शेवट लांबवू का’ असे तीन वेगळे उपाय करायला जाल तर फसाल. कदाचित एकच गोष्ट हलवायची आहे: नववं प्रकरण.

याचा एक नामांकित दाखला आहे. अमेरिकी कादंबरीकार स्कॉट फिट्झजेराल्डने ‘द ग्रेट गॅट्सबी’ची संहिता पाठवली तेव्हा त्याचा संपादक मॅक्सवेल पर्किन्स याने नोव्हेंबर १९२४ मध्ये त्याला सविस्तर पत्र लिहिलं. भरभरून कौतुक करून मग त्याने म्हटलं की गॅट्सबी स्वतः धूसर राहतोय. वाचकाची नजर त्याच्यावर ठरत नाही. त्याच्या पैशाचा उगम अधूनमधून सूचित व्हावा, आणि त्याचं पूर्वायुष्य एकाच ठिकाणी ओतण्यापेक्षा कथेच्या ओघात थोडंथोडं यावं, असं त्याने सुचवलं. सुचवलं फक्त, लिहून दिलं नाही. फिट्झजेराल्डने छपाईच्या कच्च्या प्रतींवर जवळजवळ नव्याने काम केलं, मजकूर पुढेमागे हलवला, आणि एप्रिल १९२५ मध्ये पुस्तक आलं. धूसर पात्र आणि चुकीच्या जागी बसलेली माहिती यांचं नातं किती जवळचं असतं ते यात दिसतं. तुमच्या थोरलीचं तेच झालं असेल का, ते तपासा.

तपासायचं कसं? यासाठी अजून कुणाला पैसे देऊ नका. संहिता काही आठवडे नजरेआड ठेवा. मग कागदावर छापून घ्या आणि हातात पेन न घेता, शक्य तितक्या कमी बैठकांत, परक्याचं पुस्तक वाचावं तशी वाचा. दुरुस्त्या करायला हात शिवशिवतील, करू नका. वाचून झालं की एक तक्ता मांडा. प्रत्येक प्रकरणासाठी एक ओळ: या प्रकरणात घडतं काय, कुणाला काय हवं आहे आणि ते मिळतं का, वाचकाला नवीन काय कळतं, काळ किती पुढे सरकतो, शब्द किती. ‘घडतं काय’च्या रकान्यात ‘आठवणी’, ‘वातावरण’, ‘मनःस्थिती’ असे शब्द पडायला लागले की सावध व्हा. ते प्रकरण वाईट आहे असं नाही, पण तसल्या चार ओळी एकाखाली एक आल्या तर तुमच्या मैत्रिणीने पुस्तक तिथेच कुठेतरी खाली ठेवलं असणार. थोरली प्रत्यक्ष किती प्रकरणांत दिसते, आणि किती प्रकरणांत तिच्याबद्दल नुसतं बोललं जातं, याची वेगळी खूण करा. आकडा बघून बहुधा तुम्हीच चमकाल.

हा तक्ता करणं कंटाळवाणं आहे. कादंबरी लिहिणाऱ्या माणसाला रकाने भरायला लावणं म्हणजे शिक्षाच, हे मला कळतं. तरी करा, कारण पुढे संपादक मिळाला तर त्याच्याशी तुमचं बोलणं याच कागदावर होणार आहे. आणि कधीकधी तक्ता पूर्ण झाल्यावर संपादकाची गरज सहा महिने पुढे ढकलली जाते, कारण काय करायचं ते लेखकालाच दिसतं.

वाचक म्हणून आणखी दोनतीन माणसं गाठायची तर घरातली किंवा तुमच्यावर जीव असलेली नकोत. भिडेपोटी माणूस तोंडदेखलं बोलतो, आणि भीड मोडायची म्हटली की उगाच कठोर होतो, दोन्ही निरुपयोगी. ‘कशी वाटली?’ हा प्रश्न तर विचारूच नका. विचारायचं ते असं: वाचताना कुठे थांबलात? कुठलं पान चाळून पुढे गेलात? वीस प्रकरणं झाल्यावर तुम्हाला कशाची उत्सुकता होती? शेवटी थोरलीबद्दल काय वाटलं? उपाय त्यांच्याकडून मागू नका, स्वतःहून सांगितले तर ऐकून सोडून द्या. कुठे दुखतं हे वाचक बहुधा अचूक सांगतो. औषध मात्र तो स्वतःला जी कादंबरी वाचायला आवडली असती तिचं देतो.

हे सगळं करून दुसरा खर्डा तयार झाला आणि तरीही गाडी अडली, तर संपादक शोधा. त्यातही दोन तऱ्हेचं काम मिळतं. एक म्हणजे नुसता वाचन-अहवाल. संपादक संहिता पूर्ण वाचतो आणि काही पानांचं टिपण देतो: काय साधलंय, काय निसटलंय, का, आणि कुठून हात घालावा. दुसरं म्हणजे पूर्ण रचना-संपादन: अहवाल, शिवाय संहितेच्या समासात जागोजागी टिपा, प्रकरणवार फेरमांडणीची योजना, चर्चेच्या बैठकी, आणि काही वेळा तुमच्या पुनर्लेखनाचं पुन्हा एकदा वाचन. आकारणी बहुधा शब्दांवर होते किंवा २५० शब्दांचं एक पान धरून पानांवर. तुमची कादंबरी त्या हिशोबाने ५६० पानांची झाली. म्हणून सांगते, पहिल्या फेरीत फक्त अहवाल घ्या. ज्या संहितेतला तिसरा हिस्सा कदाचित जाणार आहे, तिच्या पानापानावर टिपा लिहून घेण्यात तुमचा पैसा जातो आणि संपादकाचं डोकं बारीकसारीक गोष्टींत अडकतं. आधी २०,००० शब्द कमी करून मग पाठवलीत तर अहवालही स्वस्त पडेल आणि कादंबरीही बहुधा सुधारलेली असेल.

निवडताना सगळ्यांचा सल्ला असतो: दहा पानं नमुन्यादाखल संपादित करून मागा. वाक्यांच्या कामासाठी तो उत्तम आहे. रचनेच्या कामासाठी जवळपास निरुपयोगी, कारण दहा पानांत रचना दिसतच नाही. दिसते ती संपादकाची वाक्यं सफाईदार करण्याची हौस. त्यापेक्षा दोन गोष्टी मागा. पहिली, पूर्वी कुणासाठी केलेल्या अहवालाचा एखादा भाग, त्या लेखकाच्या परवानगीने आणि नाव-गाव झाकून. तो वाचताना बघा, की ‘पात्रचित्रण अधिक सखोल हवे’ अशी कुठल्याही कादंबरीला चिकटतील अशी वाक्यं आहेत, की ‘सहाव्या प्रकरणात तो पत्र फाडतो, त्यानंतर त्याला पत्रातला मजकूर माहीत असण्याचं कारण उरत नाही’ अशी, फक्त त्याच पुस्तकाबद्दल असू शकतील अशी. दुसरी, तुमचं दोन पानी कथासार पाठवून अर्ध्या तासाचं बोलणं. यासाठी संपादकाने वेगळे पैसे मागितले तर द्या. या बोलण्यात तो तुम्हाला काय सांगतो यापेक्षा काय विचारतो हे ऐका. ‘धाकटी ही गोष्ट आत्ता का सांगतेय?’ असं ज्याने विचारलं, त्याच्यात मला रस वाटेल. ‘शेवट सुखान्त केला तर जास्त खपेल’ म्हणणाऱ्याचे आभार मानून फोन ठेवा. तो कादंबऱ्या वाचतो का, तुमच्या जातकुळीच्या वाचतो का, हेही विचारा. उत्तम चरित्रं घडवणाऱ्या संपादकाला कादंबरीतलं मौन ऐकू येईलच असं नाही.

आता शोधाशोधीत तुम्हाला भेटलेल्या त्या तिघांबद्दल. पॉलिशवाल्याचं सांगितलं, त्याचा नंबर ठेवून द्या, वर्षाने लागेल. ‘आम्हीच पुन्हा लिहून देऊ’ हे संपादन नव्हे, परलेखन आहे, म्हणजे दुसऱ्याच्या नावाने लिहून देणं. त्याची गरज असणारे लोक असतात, तुम्ही त्यातल्या नाही. आणि प्रकाशनाची हमी देणाऱ्याचं नाव यादीतून खोडा. दुसऱ्या कुणाच्या निर्णयाची हमी प्रामाणिक संपादक देऊ शकत नाही. आणखी एक प्रकार पुढे भेटेल: संहिता परत करताना ‘अमुक यांच्याकडून पैसे देऊन संपादन करून घ्या, मग बघू’ असं सुचवणारी मंडळी. त्या अमुकांचं आणि त्यांचं काही देणंघेणं आहे का, एवढं सरळ विचारायला संकोचू नका.

काम ठरलं की ते लिखित असू द्या. मैत्रीत ठरलं असलं तरी. किती शब्दांची संहिता, काय मिळणार, कधी, अहवालानंतर किती प्रश्न विचारता येतील, पैसे किती हप्त्यांत, मधेच थांबायचं झालं तर काय. संहिता तुमच्या परवानगीशिवाय कुणाला दाखवणार नाही, आणि सर्व हक्क लेखिकेकडेच राहतील, ही दोन वाक्यं हवीतच.

यातच चोरीच्या भीतीचंही उत्तर येतं. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, मांडणीवर मिळतो. आणि कॉपीराइटबद्दलच्या १८८६ च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील देशांत, म्हणजे जगातल्या बहुतेक देशांत, तो नोंदणीवाचून, लिहिल्याक्षणी मिळतो. १,४०,००० शब्द ही भरपूर मांडणी आहे. तारखांसह खर्डे आणि ई-मेल जपून ठेवा. घर सोडून गेलेल्या बहिणीची कल्पना चोरायला कुणी टपलेलं नाही. ती तुमच्याआधी शेकडो जणांनी लिहिलीय आणि पुढेही लिहितील.

‘ती माझी राहील का’ ही धास्ती मात्र मला जास्त खरी वाटते. ती निराधार नाही. अमेरिकी कथाकार रेमंड कार्व्हरच्या १९८१ च्या कथासंग्रहात संपादक गॉर्डन लिशने जवळपास निम्मा मजकूर उडवला, काही कथांचे शेवट बदलले. पुस्तक छापायला जाण्याआधी कार्व्हरने प्रकाशन थांबवावं म्हणून विनवणी करणारं पत्र लिहिलं होतं. पुस्तक आलं, गाजलं, त्या कात्री लावलेल्या शैलीवरून कार्व्हरची ओळख ठरली. मूळ कथा ‘बिगिनर्स’ या नावाने छापून आल्या २००९ मध्ये, लेखक जाऊन वीसेक वर्षं झाल्यावर. लिशने कथा सुधारल्या की बिघडवल्या यावर वाचकांचं आजही एकमत नाही. माझं मत विचाराल तर काही कथा नक्कीच सुधारल्या, आणि तरीही तो प्रकार मला मान्य नाही.

पर्किन्स आणि लिश यांच्यातला फरक तुमच्या कामाचा आहे. म्हणून संपादकाला पहिल्याच दिवशी सांगा: मला प्रश्न हवेत, कारणं हवीत, पर्याय सुचवलेत तर चालतील, नवा मजकूर तुम्ही लिहायचा नाही. आपल्याकडे ‘सत्यकथा’ मासिकाच्या काळात त्याचे संपादक श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथा पुन्हा लिहायला लावत, त्याच्या आठवणी कितीतरी लेखकांनी सांगितल्यात. त्यातला महत्त्वाचा शब्द ‘लावत’ हा आहे. पुन्हा लिहायचं ते लेखकानेच. आणि हेच अनेकांना पैसे भरून झाल्यावर कळतं: अहवाल हातात पडला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. अहवालाला जितके पैसे लागतील त्याहून मोठी गोष्ट म्हणजे त्यानंतरचं जवळपास वर्षभराचं पुनर्लेखन. तो वेळ आत्ता तुमच्याकडे नसेल तर अहवालही आत्ता मागवू नका. तो शिळा होतो, आणि मनात सलत राहतो तो वेगळाच.

अहवाल आल्यावर पहिला आठवडा उत्तर लिहू नका. राग येईल, विशेषतः ज्या सूचना खऱ्या आहेत त्यांचा. मग सूचनांचे ढीग करा: लगेच पटलेल्या, मुळीच न पटलेल्या, आणि पटल्या नाहीत पण मनातून जात नाहीत अशा. तिसऱ्या ढिगावर सगळ्यात जास्त वेळ घालवा. दुसऱ्या ढिगातल्या सूचना नाकारायचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे. मात्र संपादकाने सांगितलेला उपाय नाकारलात, तरी त्याला तिथे खडा का लागला याचं उत्तर शोधा. ‘थोरलीच्या तोंडून एक प्रकरण द्या’ असं तो म्हणाला आणि तुम्हाला ते नको असेल, तर नका देऊ. पण मग धाकटीच्याच नजरेतून थोरली कशी दिसेल ते शोधून काढावं लागेल.

राहता राहिला तो प्रकाशक. त्याला आजच चार ओळींचं पत्र पाठवा. वाचल्याबद्दल आभार, रचनेवर काम सुरू करतेय, साधारण अमुक काळ लागेल, त्यानंतर नवी संहिता पाहायला आवडेल का? रचनेतलं काय खटकलं ते एका वाक्यात सांगितलंत तर उपकार होतील, असंही विचारा. उत्तर आलं तर ते तक्त्याच्या वर चिकटवा. नाही आलं तर पंधरा दिवस वाट बघू नका, नवव्या प्रकरणापासून सुरुवात करा.